पाहुण्याचे पाहुणे

दिवाळी तोंडावर आली की आमच्या घरात एका प्रश्नावर हमखास वाद होतो. दिवाणखान्याच्या भिंतीवरचे डुक्कर चार दिवसांपुरते खाली उतरवायचे की नाही?

डुक्कर म्हणजे डुकराचा फोटो. नुसते डुक्कर नव्हे, एक रानडुकरीण आणि तिची पाच पिल्ले. चांगला हातभर रुंद फोटो आहे, काचेच्या चौकटीत बसवलेला. त्याच्या एका बाजूला माझ्या वडिलांचा फोटो, दुसऱ्या बाजूला सासऱ्यांचा. दोघेही करारी चेहऱ्याचे. त्यांच्या मधोमध ही लेकुरवाळी उभी.

"अहो, लक्ष्मीपूजनाला चार लोक यायचे," सौ. म्हणते.

मी प्राध्यापक. पन्नास मिनिटे बोलता येईल असा विषय समोर आला की सोडवत नाही. मी सुरुवात करतो. विष्णूचा तिसरा अवतार कोणता? वराह. बुडणारी पृथ्वी कोणी वर काढली? वराहाने. विदिशेजवळ उदयगिरीच्या लेण्यात पाचव्या शतकातले भले थोरले शिल्प आहे. धड माणसाचे, तोंड डुकराचे, आणि सुळ्याला धरून भूदेवी लटकलेली. विजयनगरच्या सोन्याच्या नाण्याचे नावच मुळी वराह. म्हणजे एके काळी लक्ष्मी घरात येई तीच वराहाचे नाव घेऊन!

सासूबाई शांतपणे करंजीची कड मुरडीत म्हणतात, "अवतार संपला, आता डुक्कर तेवढं उरलं."

यावर उत्तर नाही. आपल्या भाषेतही अवतार कधीच संपलेला आहे. कोणी घाण केली, कोणी अधाशासारखे खाल्ले, की आपण बिचाऱ्या डुकराचे नाव घेतो. त्याच्या बाजूने बोलणारा शब्द एकच, डुकरमुसंडी. त्यातही कौतुकापेक्षा भीतीच जास्त.

तर फोटो दर दिवाळीला भिंतीवरच राहतो. येणारे लोक पाहतात, "वा!" म्हणतात आणि विचारतात, "कोणत्या जंगलात काढलात?" या प्रश्नाचे उत्तर मी बरेच दिवस चुकीचे देत आलो. आज या सदरात ते दुरुस्त करायचे आहे.

मी काही पट्टीचा छायाचित्रकार नव्हे. वेतन आयोगाच्या थकबाकीचे पैसे हाती आले, तेव्हा घरात फ्रीज बदलावा असा ठराव झाला होता. मी कॅमेरा आणि एक लांब भिंग घेऊन आलो. त्या आठवड्यात घरात जे तापमान होते ते पाहता फ्रीज आणायला हवा होता हे मलाही पटले. मग मी कावळे काढले, खारी काढल्या, शेजाऱ्यांचे मांजर काढले. हौशी मंडळींबरोबर एकदोन अभयारण्येही पाहून आलो. तिथे पाहतो तो सगळ्यांना वाघ हवा. वाघ नसेल तर बिबट्या, तोही नसेल तर निदान रंगीत पक्षी. वाटेत रानडुकरांचा कळप आडवा गेला, तर गाडीतल्या एकानेही कॅमेरा उचलला नाही. "डुकरं आहेत," असे एकजण म्हणाला आणि त्याने शेंगदाण्याची पुडी सोडली.

मला मात्र त्या क्षणी ‘शाकुंतल’ आठवले. दुसऱ्या अंकात दुष्यंत शिकार बंद करतो. त्याचे मन आश्रमातल्या मुलीत गुंतलेले असते, म्हणून रानातल्या जनावरांना सुट्टी मिळते. म्हशींनी पाण्यात डुंबावे, हरणांनी सावलीत रवंथ करावा, आणि डुकरांनी डबक्याकाठी निर्धास्तपणे मोथा उकरावा, असे राजा म्हणतो. मोथा म्हणजे आपल्या दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथा. त्याच्या सुगंधी गाठी आपण विकत आणून अंगाला चोळतो, डुक्कर त्या फुकट उकरून खाते. कालिदासाने हे पाहिल्याशिवाय लिहिले नसेल. डुक्कर मुसंडीने जमीन उलथून कंद काढते, तेव्हा नांगर फिरवल्यासारखी माती दिसते. राजाने अभय दिलेल्या यादीत कवीला डुक्कर घालावेसे वाटले, आणि आम्हाला शेंगदाणे सुचावेत! मी ठरवले, रानडुकरिणीचा पिल्लांसकट फोटो काढायचा.

ठरवणे सोपे होते. पिल्ले पाहायला फार देखणी. जन्मतात ती तपकिरी अंगावर फिकट पिवळसर पट्टे घेऊन, मानेपासून शेपटीपर्यंत आडवे ओढलेले. गवतात ऊन-सावली पडावी तसे ते दिसतात आणि पिल्लू स्तब्ध राहिले तर जागच्या जागी नाहीसे होते. चारसहा महिन्यांत हे पट्टे पुसले जातात. म्हणजे मुदत थोडी. डुकरीण सुमारे चार महिने गाभण असते. विण्याच्या वेळी कळप सोडून आडरानात जाते, गवत, पाला, काटक्या गोळा करून खोपटासारखे घर करते आणि त्यात विते. एका वेळी चारसहा पिल्ले. ती चालू लागली की त्यांना घेऊन पुन्हा कळपात येते. बाप या संसारात नसतो. मोठा नर बहुधा एकटाच हिंडतो. त्याचे खालचे सुळे वरच्या सुळ्यांवर घासून वस्तऱ्यासारखे धारदार राहतात. पण जाणत्या माणसाला विचाराल तर तो म्हणेल, नराला एकवेळ भिऊ नका, पिल्लांच्या आणि आईच्या मध्ये मात्र कधी उभे राहू नका.

हे सारे ज्ञान मी पुस्तकांतून मिळवले आणि एका मे महिन्यात ते घेऊन एका पाणवठ्यापाशी तीन संध्याकाळी बसलो. पदरात पडले ते असे: एक धुळीचा लोट, एक शेपटी, आणि एक उत्तम आलेले बाभळीचे झाड. डुकराची नजर मंद, पण नाक आणि कान फार तिखट. वारा माझ्याकडून त्यांच्याकडे वाहत होता हे मला तिसऱ्या दिवशी कळले. बरोबरचा वनमजूर म्हणाला, "साहेब, तुम्ही अंगाला काय लावता?" मी साबण बदलला. डुकरे तरीही आली नाहीत.

अशात सौ.च्या मामांचा फोन आला. मामा संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी राहतात. मामा आणि मामी, दोघेच. मुलगा मुंबईला. बोलता बोलता मामा म्हणाले, "यंदा रानडुकरांनी जीव नको केलाय. एक तर पोरंबाळं घेऊन येते, पट्ट्यापट्ट्यांची."

सौ.ने हे मला सहज म्हणून सांगितले. मी त्याच रात्री पिशवी भरली.

सहामाही परीक्षा संपल्या होत्या. आश्विनातले दिवस. कराड, पाटण, कोयनानगर करीत आमची एस. टी. कुंभार्ली घाट उतरली, चिपळूणला गाडी बदलली, आणि दिवेलागणीला आम्ही मामांच्या ओटीवर पोहोचलो. गरम पाणी, चहा, चौकशा झाल्या. मामा सत्तरीच्या घरातले, काटक, बोलायला मोजके. म्हणाले, "जावईबापू, तुम्ही डुकरांसाठी आलात म्हणे. आजवर जावई फणसासाठी यायचे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेत पाहिले. घराच्या वरच्या अंगाला चारपाच चोंढे, एकाखाली एक उतरलेले. त्यात भात पिवळे पडत आलेले. शेताच्या वरच्या बाजूला पूर्वी नाचणी-वरीची वरकस जमीन होती, आज तिथे माणूस शिरणार नाही अशी झाळी माजली आहे. मामा म्हणाले, "ही सगळी जमीन पिकत होती. माणसं मुंबईला गेली, जमीन पड राहिली, झाळी वाढली आणि तीत डुकरं राहायला आली. पूर्वी वाडीत दहा माळे असायचे राखणीचे. इकडून हाळी दिली की तिकडून हाळी. डुक्कर बिचारं जाईल कुठं? आता माळा माझा एकट्याचा."

भाताच्या लोंबीत दूध भरू लागले की मामा रात्री माळ्यावर निजायला जातात ते कापणी होईपर्यंत. निजणे नावाचेच. मांडीवर रॉकेलचा जुना डबा, हातात दांडका. तासातासाला डबा बडवायचा आणि "हाऽऽऽ" म्हणून आरोळी ठोकायची. शिवाय शेताच्या कडेने काठ्या रोवून जुन्या साड्या बांधलेल्या. वाऱ्याने त्या हलतात, माणसाचा वास येतो, डुकरे थोडे दिवस बिचकतात. सौ. बरोबर होती. एका फिकट जांभळ्या, पांढऱ्या ठिपक्यांच्या साडीपाशी ती थबकली.

"ही मी मामीला नेसायला दिली होती," ती हळूच म्हणाली.

मामींच्या कानांवरून ते सुटले नाही. "अगं, तीच तर सगळ्यात जास्त चालली," त्या म्हणाल्या. "तिच्या बाजूनं महिनाभर डुक्कर आलं नाही."

मी जागा हेरली. माळ्यावरून फोटो घेऊन उपयोग नव्हता. उंचावरून डुकराची नुसती पाठ येते. जनावराचा डोळा हवा तर जनावराच्या उंचीवर बसावे लागते. रात्री वारा डोंगरावरून खाली समुद्राकडे वाहतो, म्हणून डुकरांच्या वाटेच्या खालच्या अंगाला बसायचे. तळच्या चोंढ्याला दगडी गडगा होता, कमरेइतका. त्याच्या आड पोते टाकून बसावे, भिंग दगडांच्या फटीतून बाहेर काढावे, असे ठरले. मी एकटाच बसणार होतो. मामांनी ते मोडून काढले. "डुकरिणीसमोर जावयाला बसवून मी वर माळ्यावर? भाचीला तोंड काय दाखवू?" तेही डबा घेऊन माझ्या शेजारी येऊन बसले.

आता दिव्याचा प्रश्न. रात्री फोटो काढायचा तर झगझगाट करावा लागतो. चँपियन नावाच्या एका इंग्रज वनाधिकाऱ्याचे वाघांच्या छायाचित्रांचे पुस्तक 1927 साली निघाले. त्याने जनावरांच्या वाटेवर तार ताणून ठेवली होती. तारेला जनावराचा पाय लागला की प्रकाशाचा लोळ उठे आणि जनावर आपला फोटो आपणच काढून घेई. हल्ली अंधारात न दिसणाऱ्या किरणांवर चालणारे कॅमेरेही झाडाला बांधून ठेवता येतात. पण मला पट्टे हवे होते, खऱ्या उजेडातले, आणि पिल्लांना दिपवायचे नव्हते. म्हणजे पहाट फुटायला हवी आणि तोवर डुकरे शेतात असायला हवीत. डुकरे उजाडण्याआधीच रान गाठतात. मी मामांना म्हणालो, "जराशी उशिरापर्यंत थांबली पाहिजेत."

मामा काही बोलले नाहीत. मला वाटले, त्यांनी ऐकले नसावे.

पहिली रात्र नुसती डासांची गेली. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमाराला वरच्या चोंढ्यात काहीतरी खसखसले. मग काडी मोडल्याचा आवाज. मग दुसरी काडी. आणि मग एक सलग, ओलसर, समाधानी अशी मचमच सुरू झाली. मधूनच बारीक किंचाळी, तिच्यामागून आईचा दबका हुंकार. पिल्ले होती! माझे काळीज इतके जोरात धडधडू लागले की तेच ऐकून ती पळतील अशी मला भीती वाटली.

चांदणे फिके होते, पण हातभरावरचे दिसत होते. मामांच्या मांडीवर डबा होता. त्यांचा दांडक्याचा हात वर गेला. चाळीसपन्नास वर्षांची सवय ती, काडी मोडली की हात उठायचाच. हात वर गेला, क्षणभर तिथेच थांबला आणि हळूच खाली आला. दांडके त्यांनी आवाज न करता गवतावर ठेवले.

मला ते दिसले. आणि मी काही बोललो नाही.

या सदराच्या वाचकांशी मी आजवर बरेच बोललो आहे, पण ही गोष्ट लिहायला मला तीन दिवाळ्या लागल्या. शेतात कोण काय खात आहे हे न कळण्याइतका मी अडाणी नव्हतो. प्रत्येक मचमचीत भाताची लोंबी होती. उजाडायला तीन तास होते. एक शब्द बोलायचा, "मामा, वाजवा डबा," एवढेच. तो शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. मी मनाशी म्हणत होतो, पाचसहा डुकरे ती, खाऊन खाऊन किती खाणार? मग म्हणालो, मामांनी आपण होऊनच दांडके ठेवले ना? विद्यार्थी निबंध न लिहिण्याची जी कारणे देतात ती मला वर्षानुवर्षे हास्यास्पद वाटत आली आहेत. त्या रात्री मी स्वतःला दिलेली कारणे त्यांच्याहून वेगळी नव्हती.

सहाच्या पुढे अंधार विरळ झाला. तिथे सूर्य सह्याद्री चढून मग आमच्याकडे यायचा, म्हणून ऊन उशिरा, पण उजेड आधी येतो. राखाडी, मऊ, सावली नसलेला उजेड. कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची ताकद मी वाढवली. फार वाढवली तर चित्रात रवा पडतो, कमी ठेवली तर हलते जनावर पुसट येते. डुकरे एक क्षण स्थिर नव्हती. पिल्ले आईच्या पायांतून धावत होती, एकमेकांना ढुशा देत होती. मी बटणावर बोट ठेवून बसलो.

डुकरीण शेताच्या कडेला आली. झाळीकडे जायला निघाली होती. कडेला ती जांभळी साडी होती. एका बाजूची गाठ सुटून पदर खाली लोंबत होता. तिने थांबून नाक वर केले आणि हवा हुंगली. आई थांबली तशी पाचही पिल्ले जागच्या जागी गोठली, सोंगट्या मांडाव्यात तशी. साडीचा पदर वाऱ्याने हलला आणि शेवटच्या पिल्लाच्या पाठीवरून गेला. मी बटण दाबले.

दुसऱ्यांदा दाबले तेव्हा चौकटीत नुसती साडी होती.

"आला?" मामांनी विचारले.

"आला," मी म्हणालो. माझा आवाज कापत होता. आयुष्यात मला कधी असा फोटो मिळालेला नव्हता आणि पुढेही मिळेलसे वाटत नाही.

आम्ही गडगा ओलांडून वर गेलो. वरचा चोंढा मी आदल्या दिवशी पाहिला होता, उभ्या पिवळ्या पिकाचा. आता तिथे कोणीतरी गाद्या घालून लोळल्यासारखे झाले होते. डुक्कर खाते त्याहून जास्त तुडवते. रोपे मुळासकट उपटलेली, लोंब्या चिखलात रुतलेल्या, बांधाची कड मुसंडीने फोडलेली. दोनअडीच गुंठे पीक गेले होते. दोन माणसांच्या दीड महिन्याच्या पेजेचे तांदूळ.

मी म्हणालो, "मामा, मला कल्पना नव्हती."

मामांनी माझ्याकडे पाहिले. ते मला खोटारडा म्हणाले नाहीत. खाली वाकून चिखलातली एक लोंबी उचलली, झटकली आणि म्हणाले, "असू द्या. पाहुणे आले की त्यांच्याबरोबर पाहुण्यांचे पाहुणेही येतात. त्यांना काय उपाशी पाठवायचं?"

घरी मामींनी घावन घातले होते. त्यांनी एकच विचारले, "पिल्लं किती होती?" पाच म्हटल्यावर म्हणाल्या, "मागल्या खेपेला सहा होती." दुपारी मी ओटीवर पडलो होतो, तेव्हा त्या वरच्या चोंढ्यात खाली बसून चिखलातल्या लोंब्या वेचताना दिसल्या. संध्याकाळी अंगणात सुपात धुतलेले, मातकट रंगाचे दाणे वाळत पडले होते. मी कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर तो फोटो पुन्हा पाहायला गेलो, पण पाहवेना. तसाच बंद करून ठेवला.

मी आणखी एक प्रयत्न केला. रानटी जनावराने पीक खाल्ले तर सरकारकडून भरपाई मिळते. शिकारीला 1972 च्या कायद्याने बंदी आहे, तेव्हा ते रास्तच आहे. मी म्हणालो, "मामा, अर्ज करू या. मी लिहून देतो. सातबारा जोडू, पंचनाम्याला माणूस बोलावू."

अर्ज लिहिणे हा माझा प्रांत, त्यामुळे मला जरा हुरूप आला होता. मामा सुपारी कातरीत होते. म्हणाले, "मागं दोनदा केलाय मी. पैसेही मिळाले, थोडेफार. पण यंदा अर्जात काय लिहाल? राखण करीत होतो आणि डुकरं आली असं?"

मी गप्प बसलो.

"राखण करीत नव्हतो मी त्या रात्री," मामा म्हणाले. "मग खोटं कसं लिहायचं?"

मराठीचा प्राध्यापक म्हणून शब्दांची नेमकी निवड या विषयावर मी वर्षातून दोन व्याख्याने देतो. त्या दिवशी मी विद्यार्थी होतो.

निघताना मी एका पाकिटात पैसे घातले आणि ते ओटीवरच्या पंचांगाखाली सरकवून ठेवले. कोणाला कळणार नाही अशी माझी समजूत. चार दिवसांनी धनत्रयोदशीला कुरिअरने एक खोके आले. आत मामींच्या हातचे खाजे होते, नारळ होते, आणि तेच पाकीट होते. वर मामांच्या अक्षरात माझ्या मुलीचे नाव, आणि खाली ‘दिवाळीचा खाऊ’. सौ.ने पाकीट पाहिले, माझ्याकडे पाहिले. तेव्हा मी तिला त्या रात्रीची हकिकत सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तो फोटो मोठा करून आणा. दोन प्रती."

मला वाटले होते ती म्हणेल, पुसून टाका. दुसरी प्रत तिने मामांकडे धाडली. मला विचारलेदेखील नाही.

पुढच्या आश्विनात मी पुन्हा गेलो. कॅमेरा घरी ठेवला. मामांना म्हणालो, "या चार रात्री तुम्ही घरात निजायचं." त्यांनी बरीच कुरकुर केली, पण मामींनी माझी बाजू घेतली. माळ्यावर चढलो, मांडीवर डबा घेतला. पहिल्या रात्री माझी आरोळी ऐकून खालच्या वाडीतले कुत्रे भुंकत सुटले. सकाळी मामा म्हणाले, "वर्गात असंच ओरडता काय?" दुसऱ्या रात्री आरोळी जरा बरी झाली. राखणीत झोप लागत नाही असे नाही. झोप लागते, आणि तिच्यातच एक कान उघडा ठेवावा लागतो. ते चार रात्रींत येत नाही. मामांना ते आयुष्यभर करावे लागले आहे आणि अजून करीत आहेत.

तिसऱ्या रात्री काडी मोडली. मी विजेरीचा झोत टाकला. झाळीच्या तोंडाशी ती उभी होती. बरोबर तीन दांडगी पोरे, काळसर केसांची, पाठीवर आयाळ उभी. ती तीच होती हे मी शपथेवर सांगू शकत नाही, पण मला तसे वाटले. पट्ट्यांचा मागमूस नव्हता.  असा फोटो मिळाला असता की काय सांगू! मी दांडके उचलले आणि डबा असा बडवला की हाताला झिणझिण्या आल्या. "हाऽऽऽ!" झाळी हलली आणि शांत झाली. त्या चार रात्रींत वरच्या चोंढ्यातली एक लोंबी गेली नाही. तेवढ्याने मागले फिटले असे मी मानीत नाही, आणि मामांनी मागले कधी मोजलेच नव्हते.

ओटीवर मी तो फोटो पाहिला. मामांनी तो गणपतीच्या तसबिरीशेजारी टांगला आहे. खालच्या वाडीतून कोणी आले की ते बोट दाखवून सांगतात, "ही आमच्या भातावर वाढलेली पोरं." त्यांच्या बोलण्यात राग नाही. दुसऱ्या दिवशी डबा बडवायला ते तितक्याच नेमाने जातात. या दोन गोष्टी एका माणसात कशा नांदतात हे मला अजून नीट उमगलेले नाही. पण कालिदासाच्या राजापेक्षा मामांचे औदार्य मला मोठे वाटते. राजाने डुकरांना अभय दिले, त्यात त्याचे स्वतःचे काही जात नव्हते. डबक्याकाठचा मोथा कुणीच पेरलेला नव्हता.

तेव्हा यंदाही लक्ष्मीपूजनाला आमच्या भिंतीवर डुक्कर असेल. सासूबाई नाक मुरडतील. मात्र परवा त्या चष्मा लावून फोटोजवळ गेल्या आणि शेवटच्या पिल्लाच्या पाठीवरची साडी बराच वेळ पाहत उभ्या राहिल्या. "ही तर तुझ्या पहिल्या मंगळागौरीची," लेकीला म्हणाल्या. उतरवण्याची गोष्ट त्यांनी त्यानंतर काढलेली नाही.

आणि कोणी विचारील, "वा! कोणत्या जंगलात काढलात?" तर माझे उत्तर आता तयार आहे.

"जंगलात नाही हो. सौ.च्या मामांच्या भातात. आणि खर्चही सगळा त्यांचाच."